बटण दाबायला कोणी नसताना

२००५ च्या सुमारास, आम्ही संशोधक विद्यार्थी असताना, आमच्या गटाचे एक मोजणीयंत्र शहरापासून दूर डोंगरावरच्या एका खोलीत बसवलेले होते. यंत्राला जोडलेला संगणक आम्ही शहरातल्या टेबलावरून चालवीत असू. तिथला पडदा इथे दिसे; इथे माउस हलवला की तिथला बाण हले. एका पावसाळ्यात तिथली वीज गेली आणि तासाभराने आली. दिवा लागला आहे, पंखा फिरतो आहे, असे चौकीदाराने फोनवर सांगितले. पण पडदा काही इथे उमटेना. शेवटी आमच्यापैकी एकजण एसटीने तिथे गेला. पोहोचल्यावर त्याने केलेले काम एका ओळीची आज्ञा टंकण्याचे, म्हणजे दहा सेकंदांचे होते.

संगणक सुरू होणे आणि त्याने कामाला लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधले अंतर मिटवण्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि योगायोग असा की त्याची दोन टोके इंग्लंडमधील केंब्रिज या एकाच गावात सापडतात.

पहिले टोक १९४९ चे. त्या वर्षी ६ मे रोजी केंब्रिज विद्यापीठात एडसॅक या संगणकावर पहिली आज्ञावली चालली. एडसॅकची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून धावणाऱ्या ध्वनिस्पंदांची होती. वीज गेली की कोरी. आज्ञावली छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर असे. पण फीत कशी वाचायची हे सांगणारीही एक आज्ञावली लागते, आणि ती कोरी स्मृती कुठून आणणार? नट कितीही कसलेला असला तरी स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही, हे आपल्याकडच्या जुन्या दार्शनिक ग्रंथांतले उदाहरण इथे चपखल बसते. डेव्हिड व्हीलर याने ३१ आज्ञांची एक छोटी आज्ञावली रचली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतात तशा फिरत्या स्विचांवर ती तारांनी कायमची जोडून ठेवली होती. बटण दाबले की त्या आज्ञा स्मृतीत उतरत आणि पुढची फीत वाचू लागत. नटाला उभे राहायला दुसऱ्या कोणाचा तरी खांदा मिळाला, इतकेच.

१९५२ च्या आयबीएम ७०१ वर याच कामासाठी ‘लोड’ नावाचे बटण होते. आपल्याच बुटाच्या पट्टीला धरून स्वतःला वर उचलणे या इंग्रजी कल्पनेवरून या क्रियेला ‘बूट’ हे नाव पडले. (ही करामत मुंचाउसेन या गप्पीदास सरदाराच्या नावावर खपवतात. गोष्टीत मात्र तो दलदलीतून स्वतःला बाहेर काढतो ते बुटाने नव्हे, केसांनी.)

यंत्र जागे झाले, तरी त्याच्यासमोर बसून काम सांगणारा माणूस लागतोच का? १९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅक’मध्ये, कोणी न सांगता पडद्याआड चालत राहणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या गेल्या. त्यांना नाव मिळाले ‘डीमन’. उष्मागतिकी शिकवणाऱ्या शिक्षकांना हा ओळखीचा वाटेल. १८६७ मध्ये मॅक्सवेलने कल्पिलेला, झरोक्यापाशी बसून वेगवान आणि मंद रेणू निवडणारा तोच हा राक्षस. आपल्या गोष्टींतला बाटलीतला राक्षस मात्र काम दिले नाही तर धन्यालाच खातो. हा बिचारा वाट पाहत बसतो.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीने या दोन धाग्यांची गाठ मारली. बूट झाल्यावर सर्वांत आधी ‘इनिट’ ही प्रक्रिया जन्म घेते. तिचा क्रमांक १. सुरुवातीला करायच्या कामांची यादी एका साध्या फाइलीत लिहिलेली असे. माणसाने रोज सकाळी टंकायच्या ओळी यंत्रच वाचू लागले.

आता दुसरे टोक. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेतील चौघांनी १९९८ मध्ये व्हीएनसी या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर हा १९९१ मध्ये विद्यापीठात असताना आणखी एका उद्योगात सामील होता. कॉफीचे भांडे भरले आहे की रिकामे, हे जिने न चढता कळावे म्हणून भांड्यासमोर कॅमेरा लावून त्याचे चित्र सर्वांच्या पडद्यावर आणण्याचा! व्हीएनसीचे मूळ तत्त्वही तितकेच साधे आहे: पडद्यावर अमुक जागी अमुक रंगबिंदूंचा चौकोन ठेव. पाहणाऱ्याने मागितले की बदललेले चौकोन सर्व्हर पाठवतो. पाहणाऱ्याकडे काहीच साठत नाही, म्हणून खिडकी बंद करून दुसऱ्या गावी उघडली तरी बाण होता तिथेच असतो.

सर्व्हर स्वतः मात्र कोणी तरी सुरू करावा लागे. युनिक्सवर माणूस आत शिरून आज्ञा देई, मग त्याचा डेस्कटॉप तयार होई. डेस्कटॉप नेहमी कोणाचा तरी असतो. बूट होताना तर तिथे कोणीच नसते. आम्ही आज्ञा सुरुवातीच्या यादीत घातली आणि फसलो. यादी चालते ती प्रशासकाच्या, म्हणजे सर्वाधिकाराच्या नावाने. त्यामुळे सगळा कारभार एका परवलीच्या शब्दावर उघडा पडला, आणि व्हीएनसीच्या त्या मूळ पद्धतीत शब्दाची पहिली आठच अक्षरे मोजली जात. ‘अमुक वापरकर्ता होऊन मग सुरू कर’ असे यादीत स्पष्ट लिहावे लागले. क्रमाचीही कटकट होती. वापरकर्त्याच्या फाइली दुसऱ्या संगणकावरील डिस्कवर असतील, तर ती डिस्क जोडली जाण्याआधी सर्व्हर उठून उपयोग नाही. म्हणून सुरुवातीच्या फाइलींच्या नावांत आकडे घालीत. लहान आकडा आधी चाले. २०१० मध्ये आलेल्या सिस्टिमडीने आकड्यांऐवजी ‘याच्यानंतर’ असे लिहिण्याची सोय केली. पडलेली सेवा पुन्हा उठवण्याचे कामही तीच करू शकते.

इतके करूनही पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा पडदा आलाच नाही. दुसरी खेप घडली. चालू असताना सर्व्हर एक कुलूप-फाइल बनवतो आणि नीट बंद होताना ती पुसतो. वीज जाते तेव्हा पुसायला वेळ नसतो. परतल्यावर सर्व्हरला आपलेच जुने कुलूप दिसले, जागा व्यापलेली आहे असे समजून तो गप्प बसला. म्हणजे ज्या प्रसंगासाठी ही सारी व्यवस्था केली, नेमका तोच प्रसंग तिला अडवत होता. आम्ही सुरुवातीच्या यादीत, सर्व्हरच्या ओळीच्या आधी, जुने कुलूप पुसण्याची ओळ घातली. मग तिथल्या सोबत्याला भिंतीवरची प्लग सरळ उपटायला सांगितली, आणि शहरात पडद्याकडे बघत बसलो. चार मिनिटांनी बाण दिसला.