गणिताची पदवी आणि चरितार्थ

वैद्यकीची वा वकिलीची पदवी घेतली, म्हणजे पुढील व्यवसाय त्या पदवीनेच ठरवून दिलेला असतो. गणिताच्या पदवीत असा कोणताच व्यवसाय लिहिलेला नसतो. म्हणून गणित घेणाऱ्या मुलाच्या घरी ‘पुढे काय?’ ही चिंता पूर्वापार चालत आली आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाचे सरळ उत्तर अध्यापन हेच होते. १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हेही स्वदेशी परतून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले. याच महाविद्यालयातून पुढे तीन वर्षांच्या अंतराने बाहेर पडलेल्या दोघांचे मार्ग मात्र अगदी भिन्न झाले.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९२९ साली पदवीधर झाले आणि देवळालीच्या शाळेत शिक्षक झाले. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी मुलांना गणित शिकविले, आणि उरलेल्या वेळात अंकांचे गुणधर्म शोधले. चार अंकी संख्येतील अंक, ते सर्व सारखे नसल्यास, उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेले, तर अधिकात अधिक सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते, हा त्यांचा १९४९ चा शोध. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती सर्वदूर पसरली.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९३२ साली गणित घेऊन पदवीधर झाले आणि संख्याशास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेले. या शास्त्राला त्या काळी हिंदुस्थानात फारसे विद्यार्थी नव्हते. परंतु देशापुढे प्रश्न उभा होता: पिकले किती? पिकाचा अंदाज गावोगाव नजरेने, आणेवारीने होत असे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर खऱ्या आकड्यांची निकड सर्वांस पटली. कृषी संशोधन परिषदेत १९४० पासून काम करणाऱ्या सुखात्म्यांनी यदृच्छेने शेते निवडावयाची, त्यांतील मोजलेल्या तुकड्यावरचे पीक कापून तोलावयाचे, ही पीककापणी प्रयोगांची पद्धत दृढ केली. १९५१ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले. पीकविम्याची भरपाई ठरविताना आजही अशाच प्रयोगांचा आधार घेतला जातो.

संख्याशास्त्राप्रमाणेच विम्याचे हप्ते ठरविणे, सरकारी सांख्यिकी सेवा, आणि पुढे संगणक, ही क्षेत्रेही गणितज्ञांना क्रमाक्रमाने खुली झाली. यांपैकी एकाचेही नाव पदवीपत्रावर कधी छापलेले नव्हते. समाजाला नवे मोजमाप हवे झाले, तेव्हा ते काम उभे राहिले आणि गणित जाणणाऱ्याच्या हाती आले.

तथापि, देवळालीच्या शिक्षकाचा मार्ग त्यामुळे कमी ठरत नाही. त्यांच्या चरितार्थाची सोय शाळेने केली. ६१७४ ही त्यांनी स्वतः मिळविलेली दौलत होती. गणिताच्या पदवीधराचे मोल करताना मासिक वेतनाबरोबर ही दुसरी मिळकतही हिशेबात धरावी लागते.