नाशिक जिल्ह्यातील लोकसहभागी वनसंवर्धन

नाशिक जिल्ह्यातील लोकसहभागी वनसंवर्धन म्हणजे महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यात ग्रामसभा, गावपातळीवरील वन समित्या, वन विभाग आणि स्वयंसेवी संस्था यांनी जंगलाचे रक्षण व जंगलावर अवलंबून असलेल्या कुटुंबांची उपजीविका यांची सांगड घालण्यासाठी केलेले प्रयत्न होत. या प्रयत्नांचे दोन प्रवाह आहेत. पहिला प्रवाह १९९२ पासून शासनाच्या संयुक्त वन व्यवस्थापन कार्यक्रमातून आला. त्यात गाव हा वन विभागाचा भागीदार असतो. दुसरा प्रवाह वन हक्क अधिनियम, २००६ मधून आला; त्यात ग्रामसभा ही स्वतःच हक्कधारक व व्यवस्थापक असते. भागीदारी आणि हक्क यांचा मेळ कसा घालावा, हा जिल्ह्यातील वनसंवर्धनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांनी व्यापलेला असून सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी, कळवण आणि बागलाण या तालुक्यांत प्रमुख वनक्षेत्र आहे. गोदावरी, दारणा, कादवा व गिरणा या पूर्ववाहिनी आणि वैतरणा, दमणगंगा, नार व पार या पश्चिमवाहिनी नद्यांची उगमस्थाने याच डोंगराळ पट्ट्यात आहेत. त्यामुळे येथील वनांच्या स्थितीचा परिणाम जिल्ह्याच्या पूर्वेकडील बागायती तालुक्यांवर, तसेच मराठवाडा व खानदेशावरही होतो. पूर्वेकडील येवला, नांदगाव व मालेगाव हा भाग पर्जन्यछायेत येतो. तेथे काटेरी झुडपे व गवताळ माळराने आढळतात.

पश्चिम पट्ट्यातील जंगल मुख्यतः पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, खैर, धावडा, हेदू, मोह, पळस, बेहडा, आवळा व बांबू या येथील प्रमुख वनस्पती होत. या भागात कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर व काथोडी या आदिवासी समाजांची वस्ती असून नागली, वरई व भात ही त्यांची पारंपरिक पिके आहेत. सरपण, चारा, घरबांधणीचे लाकूड, रानभाज्या व औषधी वनस्पती यांसाठी ही कुटुंबे जंगलावर अवलंबून असतात. खरिपानंतर काम नसल्याने अनेक कुटुंबे दिंडोरी व निफाडच्या द्राक्षबागांत आणि शहरांतील बांधकामांवर हंगामी स्थलांतर करतात. जंगल राखण्यासाठी वर्षभर गावात माणसे असणे आवश्यक असते. म्हणून स्थलांतराचा प्रश्न संवर्धनाशीही जोडलेला आहे.

निसर्गाविषयीचा आदर लोकपरंपरेतही दिसतो. दिवाळीच्या प्रारंभी वाघबारशीला वाघदेवाची पूजा केली जाते. सुरगाणा व पेठ परिसरात वाघाच्या आकृती कोरलेले लाकडी खांब आढळतात. मार्गशीर्षातील डोंगऱ्या देवाचा उत्सव व देवाच्या नावाने राखलेल्या देवराया ही याच परंपरेची अंगे आहेत.

इतिहास

ब्रिटिश राजवटीत १८७८ व १९२७ च्या वन कायद्यांन्वये मोठे क्षेत्र राखीव वन ठरले. परंपरेने चालत आलेली लाकूडतोड, चराई व फिरती शेती यांवर निर्बंध आले आणि अनेक नित्याच्या गोष्टी कायद्याने गुन्हा ठरल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. नाशिक जिल्ह्यातील कळवण हे त्यांपैकी एक ठिकाण होते.

अन्नधान्याच्या टंचाईच्या काळात काही वनजमिनी एका वर्षाच्या कराराने लागवडीस देण्यात आल्या. अशा जमिनी ‘एकसाली’ या नावाने ओळखल्या जातात. पुढे अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्या कसत राहिली, परंतु सातबारा उताऱ्यावर त्यांची नावे लागली नाहीत. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० नुसार वनजमिनीच्या वनेतर वापरास केंद्र शासनाची पूर्वसंमती आवश्यक ठरल्याने या जमिनी नियमित करणे अधिक कठीण झाले.

राष्ट्रीय वन धोरण, १९८८ मध्ये वनांवर अवलंबून असलेल्या लोकांच्या गरजांना अग्रक्रम देण्याचे तत्त्व मान्य झाले. केंद्र शासनाने जून १९९० मध्ये लोकसहभागाविषयी मार्गदर्शक परिपत्रक काढले आणि महाराष्ट्र शासनाने १६ मार्च १९९२ च्या शासन निर्णयाद्वारे राज्यात संयुक्त वन व्यवस्थापन सुरू केले.

कायदेशीर व संस्थात्मक चौकट

संयुक्त वन व्यवस्थापन समिती: गावातील प्रौढ रहिवाशांमधून ही समिती स्थापन होते. नेमून दिलेल्या वनक्षेत्राचे अवैध तोड, वणवा, अतिक्रमण व अनिर्बंध चराईपासून रक्षण करणे हे तिचे काम असते. त्या बदल्यात गावाला गवत, सरपण व गौण वनोपज मिळते, तसेच मुख्य उत्पादनात ठरावीक वाटा देण्याची तरतूद असते. वनाची मालकी मात्र शासनाकडे राहते.

संत तुकाराम वनग्राम योजना: २००६–०७ पासून राबविल्या जाणाऱ्या या राज्य योजनेत उत्कृष्ट काम करणाऱ्या समित्यांना पुरस्कार दिले जातात.

संवर्धन राखीव क्षेत्र: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २००२ साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित क्षेत्रांचा हा प्रकार निर्माण झाला. असे क्षेत्र शासकीय जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून घोषित केले जाते. त्याच्या व्यवस्थापन समितीत संबंधित ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी व वन्यजीव क्षेत्रातील स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात.

वन हक्क अधिनियम, २००६: या कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर पात्र कुटुंबांचा हक्क मान्य केला असून त्याची कमाल मर्यादा चार हेक्टर आहे. हा हक्क वारसांकडे जातो, परंतु जमीन विकता येत नाही. विवाहित व्यक्तीच्या बाबतीत पती व पत्नी दोघांच्या नावे नोंद होते. याशिवाय गावाला आपल्या सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळतो. दाव्यांची प्रथम पडताळणी ग्रामसभा करते. त्यानंतर ते उपविभागीय व जिल्हास्तरीय समितीकडे जातात. २०२० साली राज्यपालांच्या अधिसूचनेने महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रांत जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे अपिलाची सोय झाली.

पेसा कायदा: अनुसूचित क्षेत्रांसाठीचा हा केंद्रीय कायदा १९९६ चा असून महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये लागू झाले. गौण वनोपजाच्या मालकीविषयी ग्रामसभेचे अधिकार त्यात मान्य करण्यात आले आहेत.

गावपातळीवरील कार्यपद्धती

यशस्वी ठरलेल्या गावांत नियम साधे व सर्वांना माहीत असलेले असतात. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी हे त्यांपैकी प्रमुख होत. कुऱ्हाडबंदीत उभे झाड तोडण्यास मनाई असते, पण वाळलेले, पडलेले लाकूड नेण्यास मुभा असते. चराईबंदी बहुधा संपूर्ण वनाला लागू नसते. क्षेत्राचे भाग पाडून एक भाग काही वर्षे बंद ठेवला जातो आणि तेथील गवत कापून नेऊ दिले जाते. नियमभंगासाठी दंड, पाळीपाळीने राखण आणि उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणे ही कामे ग्रामसभा ठरवते.

शेती व जंगल यांच्या संबंधातील दोन प्रथा विशेष उल्लेखनीय आहेत. भात व नागलीच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व गोवऱ्या जाळल्या जातात. यास ‘राब’ म्हणतात. दरवर्षी फांद्या छाटल्याने झाडांची वाढ खुंटते, म्हणून राबाला पर्याय ठरणाऱ्या रोपवाटिका व लागवडपद्धतींना उत्तेजन दिले जाते. दुसरी प्रथा मोहाच्या हंगामाची. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो व त्यातून कधीकधी वणवा पेटतो. झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरल्यास आगीची गरज उरत नाही आणि फुलेही स्वच्छ मिळतात. केवळ मनाई करण्याऐवजी सोयीचा पर्याय दिल्यास नियम पाळला जातो, हे या दोन्ही बाबींवरून स्पष्ट होते.

उपजीविका

गौण वनोपज: मार्च–एप्रिलमध्ये मोहाची फुले व त्यानंतर तेलासाठी मोहाच्या बिया गोळा केल्या जातात. हिरडा, बेहडा, आवळा, मध, डिंक व करवंदे यांचेही संकलन होते. बांबूपासून टोपल्या, सुपे व कणग्या विणल्या जातात. पावसाळ्यात करटोली, शेवळा, टाकळा, भारंगी आदी रानभाज्या बाजारात येतात. अनेक गौण वनोपजांसाठी केंद्र शासनाने २०१३–१४ पासून किमान आधारभूत किमतीची योजना सुरू केली. नाशिक येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ वनोपज व धान्याच्या खरेदीचे काम करते. कच्चा माल तसाच विकल्यास संकलकाच्या हाती अल्प रक्कम पडते. म्हणून बचत गट व वन धन केंद्रांमार्फत वाळवणे, प्रतवारी व प्रक्रिया गावातच करण्यावर भर दिला जातो.

वाडी पद्धत: डोंगरउताराच्या सुमारे एक एकर जमिनीवर आंबा व काजूची कलमे, मधल्या जागेत हंगामी पिके आणि बांधावर सरपण व चाऱ्याची झाडे अशी ही रचना असते. बाएफ या संस्थेने १९८२ च्या सुमारास गुजरातमधील वांसदा भागात ही पद्धत विकसित केली आणि पुढे नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातही ती नेली. नाबार्डच्या आदिवासी विकास निधीतून तिचा प्रसार झाला. फळझाडांमुळे कुटुंबाला जमिनीशी बांधून ठेवणारे उत्पन्न मिळते, तर बांधावरील झाडांमुळे जंगलावरील सरपणाचा भार हलका होतो. मात्र कलमांना पहिली काही वर्षे उन्हाळ्यात पाणी घालावे लागते. त्यामुळे जलसंधारणाशिवाय वाडी तग धरत नाही.

उल्लेखनीय उदाहरणे

बोरगड: नाशिक शहराच्या उत्तरेस रामशेज किल्ल्याजवळील बोरगड परिसर मार्च २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र महाराष्ट्रातील अशा प्रकारचे पहिले क्षेत्र मानले जाते. पायथ्याच्या तुंगलदरा येथील ग्रामस्थ, वन विभाग आणि नेचर कॉन्झर्वेशन सोसायटी ऑफ नाशिक ही संस्था यांचा त्यात सहभाग आहे.

खोरीपाडा: त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळील या पाड्यालगत गिधाडांसाठी खाद्यकेंद्र चालविले जाते. जनावरांच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे देशभरातील गिधाडे मोठ्या प्रमाणात मृत्युमुखी पडली. २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. खाद्यकेंद्रावर मृत जनावरे पोहोचविण्याचे काम ग्रामस्थांच्या सहकार्याशिवाय होऊ शकत नाही.

ममदापूर: येवला तालुक्यातील ममदापूर–राजापूर परिसर काळविटांसाठी प्रसिद्ध असून २०१४ मध्ये सुमारे ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. दुष्काळी उन्हाळ्यात पाणवठे भरते ठेवणे आणि काळविटांमुळे होणारे पिकांचे नुकसान सोसावे लागणे या तेथील गावांपुढील दोन बाजू आहेत.

अंजनेरी: त्र्यंबकेश्वरनजीकचा हा डोंगर २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाला. सेरोपेजिया अंजनेरिका या दुर्मीळ कंदीलपुष्पवर्गीय वनस्पतीचे नाव याच डोंगरावरून पडले आहे.

शेजारच्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात असलेल्या बारीपाडा गावाचा अनुभव या संदर्भात अनेकदा सांगितला जातो. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी गावाने स्वतःचे नियम करून सुमारे अकराशे एकर जंगल राखले. या कामात अग्रेसर असलेले चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सामूहिक हक्काच्या संदर्भात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गाव महत्त्वाचे आहे; २००९ मध्ये सामूहिक वन हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते.

अडचणी व वादाचे मुद्दे

नाशिक जिल्ह्यात वन हक्काच्या चर्चेत वैयक्तिक दाव्यांचा प्रश्न अग्रभागी राहिला आहे. प्रलंबित व फेटाळलेले दावे, तसेच प्रत्यक्ष ताब्यापेक्षा कमी क्षेत्र मंजूर होणे, या तक्रारी दीर्घकाळ मांडल्या जात आहेत. ६ मार्च २०१८ रोजी अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईत पोहोचला. त्यात आदिवासी शेतकऱ्यांची संख्या मोठी होती आणि वनजमिनींचे हक्क ही एक प्रमुख मागणी होती. शासनाने लेखी आश्वासन दिल्यानंतर तो मागे घेण्यात आला. तथापि याच मागणीचा समावेश असलेला मोर्चा मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा निघाला.

हक्काची नोंद नसलेल्या कुटुंबाला पीककर्ज, शेतीच्या योजना व नुकसानभरपाई मिळण्यात अडथळे येतात. जमीन केव्हा काढून घेतली जाईल याची शाश्वती नसल्याने बांधबंदिस्ती किंवा झाडे लावणे यांवर खर्च करण्यास ते धजत नाही. या दृष्टीने पाहता हक्काची निश्चिती हा वनसंवर्धनाचाही भाग ठरतो. दुसऱ्या बाजूस, मंजूर क्षेत्रापलीकडे नवे अतिक्रमण होऊ नये, ही चिंता वन विभाग व पर्यावरण क्षेत्रातील काही संस्था मांडतात. सामूहिक हक्क मान्य झालेल्या गावांत ग्रामसभेची समिती बळकट असेल, तर अशा अतिक्रमणास गावच आवर घालू शकते, असे या हक्कांच्या समर्थकांचे म्हणणे आहे.

एकाच वनक्षेत्रावर संयुक्त वन व्यवस्थापन समिती व वन हक्क समिती अशा दोन यंत्रणा असल्यास अधिकारांविषयी संभ्रम निर्माण होतो. अनेक समित्या योजनेचा निधी असेपर्यंत सक्रिय राहतात आणि नंतर कागदावरच उरतात. सरपण व वनोपज गोळा करण्याचे बहुतांश काम स्त्रिया करतात; तरीही निर्णयप्रक्रियेतील त्यांचा सहभाग मर्यादित असल्यास नियम आणि गरज यांत अंतर पडते. याखेरीज वणवे, अनियमित पाऊस, बिबट्या व माणूस यांच्यातील संघर्ष, तसेच नाशिक शहराच्या विस्तारामुळे व डोंगर पोखरण्यामुळे येणारा दाब ही आव्हाने आहेत.

हेही पहा

संयुक्त वन व्यवस्थापन
वन हक्क अधिनियम, २००६
पेसा कायदा
देवराई
बोरगड
बारीपाडा
मेंढा (लेखा)