टेंभुर्णीच्या पानांसाठीं परगांवीं

वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं पूर्व विदर्भांतील कित्येक घरांना महिन्याभरापुरतें कुलूप लागतें. गोंदियास लागून असलेल्या फुलचूरवरून गोरेगांवाकडे रस्ता जातो. त्याहि पलीकडे, दूर दक्षिणेस, गडचिरोलीच्या रानांत या दिवसांत टेंभुर्णीचें कोवळें पान खुडावयास येतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मध्यप्रांतांत विडीचा धंदा वाढला आणि गोंदिया हें त्याचें एक मोठें ठाणें झालें. विडी वळणारे हात बारा महिने चालतात. पान मात्र एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतच मिळतें. एका रानांतलें काम तर दोन-तीन आठवड्यांत आटोपतें. एवढ्या मुदतींत गांवचे हात पुरत नाहींत, म्हणून परगांवचे आणावे लागतात. 1908 ते 1913 च्या दरम्यान अरुंद लोहमार्गानें गोंदिया चांद्याशीं जोडलें गेलें. गाडी वडशापर्यंत नेई. रानांतली वाट पुढें होतीच.

जाण्याची तयारी म्हणजे एक लहानसा संसारच हलविणें. तांदूळ, तिखट-मीठ, दोन भांडीं, पावसाची भीति म्हणून ताडपत्री. म्हातारीनें शेळ्यांपाशीं राहावयाचें कीं लेकराला सांभाळावयास बरोबर यावयाचें, हा प्रश्न मुकादमाच्या उचलीपेक्षां अवघड असतो. पहांटे पान खुडावयाचें, दुपारीं सावलींत सत्तर-सत्तर पानांचीं पुडकीं बांधावयाचीं, सायंकाळीं फळीवर मोजून द्यावयाचीं. मजुरी पुडक्यांवर, म्हणून लेकराचे हातहि जमेस धरले जातात.

पूर्वीं मालगुजार पानाचा मक्ता देत. 1951 मध्यें मालगुजारी गेली, 1956 मध्यें हा मुलुख मध्यप्रदेशांतून मुंबई राज्यांत आला, आणि 1969 च्या कायद्यानें पानाचा व्यापार सरकारनें आपल्या हातीं घेतला. पानाच्या पोत्याला वाहतुकीचा परवाना ठरला. पान खुडणाऱ्याच्या प्रवासाची तजवीज त्यांत नव्हती. 1979 मध्यें स्थलांतरित कामगारांसाठीं निराळा कायदा झाला व त्यानें ठेकेदारावर प्रवासभत्ता घातला, पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता. बालाघाटचा मजूर त्यांत बसे; गोंदियाचा, तितकीच पायपीट करूनहि, बसत नसे. कायद्याला नकाशावरची रेघ दिसते, अंतर दिसत नाहीं.

2006 च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलींतील अनेक ग्रामसभा आपलें पान स्वतः विकूं लागल्या. तेथील रहिवाशांस हें न्याय्यच होतें. पाहुण्या मजुराच्या वांट्याला बहुधा मजुरीच येते.

वाळत घातलेल्या पुडक्यांवर वळीव कोसळला कीं पान काळें पडतें आणि हंगाम ठरल्याआधींच उठतो. मग भांडीं बांधून परतावयाचें. मृग लागण्यापूर्वीं घर गांठावें लागतें. धानाचे पऱ्हे टाकावयाचे असतात.