गल्ल्यामागची वही

एरवी मी या रेडिओवर बचत, कर्जाचा हप्ता, बँकेचं पासबुक यावर बोलते. आज लिहिण्यावर बोलणार आहे. त्याचं कारण आधी सांगते.

मागे एका गटाची मासिक बैठक संपली. सह्या झाल्या, पैसे मोजून झाले, बायका घरी निघाल्या. एक ताई मागे रेंगाळली. पिशवीतून दोनशे पानी वही काढून म्हणाली, "मॅडम, यात एक गोष्ट लिहितेय. मोठी आहे, कादंबरीसारखी. पण लिहायला बसलं की छातीत धडधडतं. घरी कळलं तर? लोकांनी आपल्यालाच त्यात ओळखलं तर? आपल्यासारखीनं हे करावं का?"

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर विचार करत बसले, की आपल्या आधी ज्या बायकांनी लिहिलं, त्यांनी या धडधडीचं काय केलं? बी.ए.ला मराठी घेतलं होतं, तेव्हा नावं पाठ होती. पण हा प्रश्न तेव्हा परीक्षेला आला नव्हता.

आपल्या बारामतीत लिहिणाऱ्याचं नाव काढलं की मोरोपंत आठवतात. सन १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. बाबूजी नाईकांनी त्यांना आश्रय दिला आणि कऱ्हेकाठी बसून पंतांनी हजारो आर्या लिहिल्या. पंतांचा मोठेपणा आहेच. पण पोटाची सोय झाली होती, आणि हा माणूस लिहितोय याची घरादाराला लाज नव्हती, अभिमान होता. बाईला या दोन गोष्टी कधी मिळाल्या? त्या शोधत मी तीन बायकांपर्यंत पोहोचले.

पहिल्या काशीबाई कानिटकर. जन्म १८६१, आष्ट्याचा, आजच्या सांगली जिल्ह्यातला. नवव्या वर्षी लग्न झालं, शाळा पाहिली नव्हती. नवरा गोविंदराव शिकलेला, कविता करणारा. त्यांना शिकलेली बायको हवी होती, पण घराला शिकलेली सून नको होती. या दोन्हींच्या मध्ये ही पोर सापडली. सासरच्यांची नजर चुकवून ती अक्षरं शिकली. वाचू लागली, मग लिहू लागली. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली गेल्या, त्यानंतर दोन वर्षांत काशीबाईंनी लिहिलेलं त्यांचं चरित्र छापून आलं. 'रंगराव' ही कादंबरी आधी मासिकातून तुकड्या-तुकड्यानं आली, आणि पुस्तक निघायला १९०३ साल उजाडलं. मला यात एक गोष्ट दिसते. ज्या बाईचा दिवस सलग नसतो, तिची कादंबरीही सलग होत नाही. आज दोन पानं, मग चार दिवस काही नाही, परत एक पान. आपण याला आळस म्हणतो. काशीबाईंच्या आयुष्याकडे पाहिलं तर ती कामाची पद्धत होती.

दुसऱ्या आपल्याच जिल्ह्यातल्या. घोडनदी, म्हणजे शिरूर. तिथल्या खरे मास्तरांची मुलगी बाळूताई, जन्म १९०५. वडिलांनी मुलींना कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात शिकायला पाठवलं. शिकून बाळूताई मुलींच्या शाळेत नोकरी करू लागल्या. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे कथांचं पुस्तक आलं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात उघड लिहिलं होतं. खळबळ उडाली. लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर, आणि या नावाची बाई कुणालाच सापडेना! पुढच्याच वर्षी, १९३४ साली, त्याच नावानं 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली.

मुलींच्या शाळेतल्या बाईंनी असं लिहिलंय हे कळलं असतं, तर नोकरीचं काय आणि घराच्या अब्रूचं काय? भीती खोटी नव्हती. पण त्यांनी भीती जायची वाट पाहिली नाही. तिच्यासाठी एक नाव तयार केलं. विभावरी म्हणजे रात्र, आणि शिरूर हे आपलं गाव. पुढे त्या मालतीबाई बेडेकर झाल्या, आणि १९५० साली सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीवर त्यांनी 'बळी' ही कादंबरी लिहिली. तोपर्यंत लपायची गरज संपत आली होती.

तिसऱ्या बेबीताई कांबळे. त्यांच्यावर जास्त बोलणार आहे, कारण बारामतीहून एसटीनं नीरा ओलांडली की त्यांचं फलटण येतं. बेबीताईंचा जन्म १९२९ सालचा. बालपण पुरंदर तालुक्यातल्या वीरगावच्या महारवाड्यात गेलं. लहान वयात लग्न, मग मुलंबाळं. नवराबायकोनं विक्रीचा छोटा धंदा सुरू केला, त्यातून किराणा दुकान उभं राहिलं. पुड्या बांधायला रद्दी यायची. बेबीताई गिऱ्हाईक नसताना ती रद्दी वाचायच्या. वाचता वाचता दुकानातच लिहायला लागल्या. लिहिलेले कागद घरच्यांच्या हाती लागू नयेत म्हणून जुन्या कागदांखाली, अडगळीत दडवून ठेवायच्या. असं किती दिवस? जवळजवळ वीस वर्षं!

फलटणला मॅक्सिन बर्नसन नावाच्या भाषेच्या अभ्यासक राहायच्या. जन्मानं अमेरिकन, पण फलटणच्याच होऊन गेलेल्या. त्यांच्याशी बोलताना हे लेखन उजेडात आलं. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः छापलं गेलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. ही कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे. पण प्रश्न आमच्या ताईचाच होता. घर सांभाळून, भीत भीत, लिहायचं कसं?

बेबीताईंनी पुढे मुलाखतीत सांगितलं की नवरा संशय घ्यायचा, मारायचा. पुस्तकात मात्र त्यांनी स्वतःच्या संसारापेक्षा आपल्या समाजाचं दुःख पुढे ठेवलं. काय लिहायचं आणि काय आज लिहायचं नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं. आमच्या ताईला मला हे सांगायचंय. वहीत सगळं ओतलंच पाहिजे अशी कुणाची सक्ती नाही.

ज्या साली बेबीताई जन्मल्या, त्याच १९२९ साली इंग्लंडमध्ये व्हर्जिनिया वूल्फ या कादंबरीकार बाईंचं एक पुस्तक निघालं. बाईला कादंबरी लिहायची तर तिच्याकडे स्वतःचे पैसे हवेत आणि स्वतःची खोली हवी, असं त्यात म्हटलंय. वर्षाला पाचशे पौंड, असा आकडाही त्यांनी दिला. या वूल्फबाईंना स्वतःला मनाचा आजार वारंवार गाठायचा, तरी त्यांनी मोठमोठ्या कादंबऱ्या लिहिल्या.

बेबीताईंना खोली मिळाली नाही. पण नीट बघा, दुकान होतं. तिथं बसायचा त्यांना हक्क होता. कागद तिथंच मिळायचा, वेळही तिथंच. गल्ला हीच त्यांची खोली झाली. गटातून शिलाई मशीनला, किराणाला कर्ज देताना आपण परतफेड पाहतो. आता मला वाटतं, त्या चार फूट जागेत बाई आणखी काय करत असेल, तेही पाहावं.

आणि तिघींच्या बाबतीत एकेक माणूस होतं. काशीबाईंना ह. ना. आपट्यांसारखा लेखक मित्र होता, पत्रांतून लिहिण्यावर बोलणं व्हायचं. मालतीबाईंना ह. वि. मोटे हे प्रकाशक भेटले. बेबीताईंना मॅक्सिनबाई. साऱ्या गावाला आधी सांगायची गरज नसते. एकाला दाखवता आलं पाहिजे.

आता माझं सांगते. तीन वर्षांपूर्वी मला पहाटे चारला जाग यायची. छाती धडधडायची, हाताला घाम, आता काहीतरी वाईट होणार असं वाटायचं. हृदयाची तपासणी झाली, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, हा काळजीचा आजार आहे, औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो. लोक वेडी म्हणतील या भीतीनं मी चार महिने औषधच घेतलं नाही. मग घेतलं. उतार पडला. अजून एखादी पहाट तशी येते. तुमच्यापैकी कुणाला असं होत असेल तर अंगावर काढू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

त्या पहाटे मी काय करायचे, हे कुणाला सांगितलेलं नाही. गटाच्या जुन्या इतिवृत्त वह्यांची मागची कोरी पानं फाडून मी एक गोष्ट लिहायला घेतली. एकशे चाळीस पानं झालीत. गव्हाच्या कोठीमागे ठेवलीत. लिहिल्यानं आजार गेला असं नाही, तो औषधानं कमी झाला. पण धडधड थांबल्यावर लिहीन म्हटलं असतं, तर एक पान झालं नसतं.

त्या ताईला मी परवा उत्तर दिलं. म्हटलं, तुझी वही मला दे, माझी तू ने. पुढच्या बैठकीला परत आणू.

आमच्या सासूबाई हा कार्यक्रम न चुकता ऐकतात. आई, कोठीमागचं आता तुम्हाला कळलंच. मी घरी आले की बोलू.