एका धाब्याखालच्या चार चुली

आमच्या वाड्याचे ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर चार नंबर आहेत. चार नावं, चार घरपट्ट्या. धाबं मात्र एकच, आन् ते कोणत्याच कागदावर नाही.

वऱ्हाडात गावाची काळी वेगळी, पांढरी वेगळी. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. काळ्या मातीची भिंत उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. म्हणून संग्रामपूरकडच्या जुन्या गढ्या, वाडे पांढऱ्या मातीचे. मातीत कुटार टाकून भिजवायची, तुडवायची, एक थर वाळला की दुसरा चढवायचा. आमची भिंत दोन हात रुंद. वर सातपुड्याच्या सागाच्या तुळया, कड्या, पाला आणि खारी मातीचा जाड थर. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला; १८७० मध्ये जलंबहून खामगावला आगगाडी गेली. त्या कापसाच्या पैशावर पुढं हा वाडा उठला, असं आबा सांगत.

बहात्तरच्या दुष्काळानंतर वाटणी झाली. मी तेव्हा शाळेत होतो. थोरल्या काकांना देवघर आणि ओसरी, दुसऱ्यांना माजघर, तिसऱ्यांना ढाळज. बाप सगळ्यात लहान, त्याच्या वाट्याला बैलांचा गोठा. मायनं तो चार दिवस सारवला, तरी पहिल्या पावसात गोमूत्राचा वास उठलाच. दिंडी दरवाजा आणि विहीर सामाईक. ओसरीत कच्च्या विटांची आडभिंत घातली. ती जुन्या भिंतीला कधी चिकटलीच नाही. मधल्या फटीतून दिव्याचा उजेड यायचा, भांडणही ऐकू यायचं.

आधी मृगाच्या तोंडावर सारे मिळून एका दिवसात धाब्यावर खारी टाकत. वाटणीनंतर ज्यानं त्यानं आपल्यापुरती टाकली. जिथं दोन हिश्शांची शीव, तिथं कोणीच टाकेना. गळायचं नेमकं तिथंच.

माजघर आणि आमचा गोठा यांच्यामधली भिंत जुनी, दोन हातांची. पोराच्या लग्नात मी माझ्या बाजूनं तिला सिमेंटचा गिलावा केला. गुळगुळीत, पाहुण्यांसमोर शोभणारा. मातीची भिंत पाणी पिते आणि वाळते; मी तिची एक बाजू बुजवून टाकली. शिवेवरून मुरलेलं पाणी आतच राहू लागलं. माझ्याकडं डागही दिसत नव्हता. चुलतभावाकडं मात्र पोपडे पडत होते. मी म्हणायचो, तू सारवत नाहीस.

जुलै २०२३ मध्ये आमच्या तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. रात्री ती भिंत माजघराच्या अंगानं बसली. घरचे सारे दारापाशी निजले होते म्हणून वाचले.

पंचनाम्याला विचारलं, भिंत कोणाची? चुलतभाऊ म्हणाला, "दोघांची." मी गिलाव्याचं काही बोललो नाही.

पडलेली मातीच पुन्हा भिजवली. कुटार त्यानं आणलं. भिंत उभी राहत होती तेव्हा मी उरलेला गिलावा छन्नीनं फोडायला घेतला.

"भाऊ, चांगला गिलावा कायले फोडून रायला?"

तवा त्याले सारं सांगतलं. तो बराच वेळ चिखल तुडवत राहिला. मग म्हणाला, "औंदा खारी संगंच टाकू."