पाप, पाणी आणि ‘ख्रिस्तपुराण’

राजापूरजवळ उन्हाळे येथे गंगा प्रकटली की चौदा कुंडे भरतात आणि पापक्षालनाच्या श्रद्धेने स्नानाला गर्दी लोटते. कोकणात ‘पाप’ हा शब्द असा पाण्याशी बांधलेला आहे. याच किनाऱ्यावर दक्षिणेला, गोव्यात, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. सासष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. नवख्रिस्ती श्रोते आपल्या पुराणांनाही मुकले होते. त्यांच्यासाठी स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांतून आदामाचे पतन आणि ख्रिस्ताने केलेले तारण सांगितले; स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले.

शब्द जुने, आशय मात्र नवा. ख्रिस्ती विचारात पाप केवळ स्वतःच्या कर्माचे नसते. ते आदिपुरुषाकडून वारशाने येते, म्हणून स्वतःच्या पुण्याईने फिटत नाही. पाणी येथेही आहे. पण गंगास्नान पुन्हा पुन्हा घडते, बाप्तिस्मा एकदाच. अनंत जीवनाची आशा पुण्यसंचयावर नव्हे, कृपेवर उभी राहते.

रत्नागिरी जिल्ह्यातच १८६१ मध्ये जन्मलेल्या ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो स्वेच्छेने आणि तुकारामांचा हात न सोडता. आधी श्रद्धास्थाने हिरावून मग शब्द परत देणे वेगळे, आणि आपले शब्द घेऊन स्वतःहून जाणे वेगळे. मराठी ख्रिस्ती साहित्य वाचताना हे अंतर आम्हांस विसरता येत नाही.