दिलेला शब्द आणि मिळालेलं दान : तंजावरचे श्वार्ट्झ, सरफोजी राजे आणि तारणाची खात्री

आजचा विषय थोडा वेगळा आहे. लढाई आहे, रसद आहे, राजकारणही आहे. पण मुळाशी प्रश्न धर्माचा आहे. माणसाला तारण मिळतं ते त्याच्या कमाईने की देवाच्या देणगीने? आणि देणगी असेल, तर ती मिळाल्याची खात्री कशी धरायची?

सुरुवात चेन्नईच्या फोर्ट सेंट जॉर्जपासून करू. या किल्ल्यात आज राज्याचं सचिवालय आणि विधानसभा आहे, लष्कराची वस्तीही आहे. त्याच आवारात सेंट मेरीज चर्च आहे. १६८० मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं. रॉबर्ट क्लाइव्हचं लग्न १७५३ मध्ये याच चर्चमध्ये लागलं. आत गव्हर्नरांची, सेनापतींची स्मारकं आहेत. त्यांच्यात एक संगमरवरी स्मारक एका पाद्र्याचं आहे. त्यांचं नाव क्रिस्टियन फ्रेडरिक श्वार्ट्झ. हे स्मारक ईस्ट इंडिया कंपनीने उभारलं. याच माणसाचं दुसरं संगमरवरी स्मारक तंजावरला आहे, आणि ते उभारलं एका मराठा राजाने, दुसऱ्या सरफोजी राजे भोसल्यांनी. जॉन फ्लॅक्समन या नामवंत इंग्रज शिल्पकाराकडून त्यांनी ते घडवून घेतलं. पाद्री मरणशय्येवर आहे आणि राजाने त्याचा हात हातात घेतला आहे, असं ते शिल्प.

आता गंमत पाहा. सरफोजी राजे ख्रिस्ती झाले नाहीत. शेवटपर्यंत ते शिवभक्त हिंदू राजे राहिले. मग या दोघांत नातं कसलं होतं? ते कळायला आधी श्वार्ट्झ कशावर विश्वास ठेवत होते, ते पाहावं लागेल.

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ चा, प्रशियातल्या सोनेनबुर्गचा. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. शिक्षण जर्मनीतल्या हाले इथे झालं. हाले म्हणजे लुथरपंथीयांतल्या भक्तिप्रधान चळवळीचं केंद्र. तिथूनच त्सीगेनबाल्ग १७०६ मध्ये तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत आले होते आणि पुढे त्यांनी तमिळ नवा करार छापला होता. श्वार्ट्झ १७५० मध्ये त्याच तरंगमबाडीला उतरले. पुढची अठ्ठेचाळीस वर्षं ते याच भूमीत राहिले. लग्न केलं नाही आणि मायदेशी परत गेले नाहीत.

त्यांची शिकवण मार्टिन लुथरच्या परंपरेतली. १५१७ मध्ये लुथरने जो वाद पेटवला, तो वरवर पाहता पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकण्याचा होता. खरा प्रश्न खोल होता. देवापुढे माणूस नीतिमान कसा ठरतो? उपास, यात्रा, दानधर्म, व्रतं यांची बेरीज करून? लुथरचं उत्तर होतं, नाही. ख्रिस्ताने क्रूसावर जे केलं, त्यावर भरवसा ठेवणाऱ्याला देव फुकट क्षमा करतो. पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हीच गोष्ट आहे : तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आणि तेही देवाचं दान, कुणी बढाई मारू नये म्हणून कर्माने नव्हे. लुथर याच्याही पुढे गेला. १५२९ च्या आपल्या छोट्या प्रश्नोत्तरीत त्याने शिकवलं की हा विश्वाससुद्धा माणूस स्वतःच्या बुद्धीने वा बळाने कमावत नाही, तो पवित्र आत्मा देतो. म्हणजे दान तर मिळतंच, ते घ्यायला पुढे होणारा हातही मिळतो.

आपल्याकडच्या श्रोत्यांना हा वाद अगदीच अनोळखी वाटू नये. इथे तामिळनाडूत श्रीवैष्णवांचे दोन पंथ आहेत, वडकलै आणि तेनकलै. त्यांच्यातला एक जुना भेद दोन दाखल्यांनी सांगतात. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं. मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. जीवाने काही धरायचं की सगळं देवावर सोडायचं? वडकलै मर्कटन्याय सांगतात, तेनकलै मार्जारन्याय. लुथरचं म्हणणं मांजरीच्या बाजूचं आहे. अर्थात दोन्हींचं तत्त्वज्ञान वेगळं. क्रूस, पाप, क्षमा या गोष्टी ख्रिस्ती धर्माच्या केंद्रस्थानी आहेत, त्या श्रीवैष्णवांकडे तशा नाहीत. पण प्रश्न ओळखीचा आहे.

आता लगेच एक शंका येते. आपल्याकडे म्हणच आहे, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’. तारण फुकटच मिळणार असेल, तर माणूस कशाला हातपाय हलवेल? श्वार्ट्झ यांच्या आयुष्यात या शंकेचं उत्तर शोधता येतं.

१७६० च्या दशकात ते तिरुचिरापल्लीला गेले. तिथे कंपनीची मोठी छावणी होती. दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन माणसं मेली, मुलं पोरकी झाली. श्वार्ट्झ यांनी त्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे ते छावणीचे अधिकृत धर्मगुरू झाले. पगार सुरू झाला, तो बव्हंशी मिशनच्या कामात गेला. तमिळ तर त्यांना येतच होतं. फारसी, हिंदुस्तानी, पोर्तुगीज आणि तंजावरच्या दरबारासाठी मराठीही ते शिकले. १७७८ पासून तंजावर हेच त्यांचं ठाणं झालं.

१७८० मध्ये हैदर अली कर्नाटकावर चालून आला. उभी पिकं जळाली, गावं ओस पडली, तंजावरच्या किल्ल्यात दुष्काळ शिरला. फौजेत काम केलेल्या माणसाला ही स्थिती वेगळी समजवावी लागत नाही. किल्ला तटावर पडण्याआधी कोठारात पडतो. बाहेर गावांत धान्य होतं, पण ते आत आणायला बैल हवे होते. शेतकरी बैल द्यायला तयार नव्हते. राजाच्या माणसांनी आणि कंपनीच्या माणसांनी आधी फुकट राबवून घेतलं होतं, पैसे बुडवले होते. शेवटी राजाने श्वार्ट्झ यांना मध्यस्थीची विनंती केली. त्यांनी गावोगाव पत्रं पाठवली : पैसे मी स्वतः देईन. दोन-तीन दिवसांत हजाराहून जास्त बैल आले. धान्य किल्ल्यात पोचलं आणि पैसे चुकते झाले.

या प्रसंगावर जरा थांबू. त्या शेतकऱ्यांनी काय केलं? त्यांच्या हाती रोकड नव्हती, तारण म्हणून काही गहाण नव्हतं. एका माणसाचा शब्द होता. त्या शब्दावर त्यांनी आपले बैल, म्हणजे आपला सगळा संसार, युद्धाच्या रस्त्यावर सोडला. ख्रिस्ती शिकवणीत ‘विश्वास’ म्हणतात तो असा असतो. देव आहे असं नुसतं मान्य करणं वेगळं आणि त्याने दिलेल्या वचनावर आपला भार टाकणं वेगळं. म्हणून खात्रीचा आधार विश्वास ठेवणाऱ्याच्या मनाच्या ताकदीत नसतो. भित्र्या शेतकऱ्याला आणि धीट शेतकऱ्याला पैसे सारखेच मिळाले, कारण शब्द देणारा माणूस एकच होता. ‘मला तारणाची खात्री आहे’ असं ख्रिस्ती माणूस म्हणतो, तेव्हा बाहेरच्याला तो गर्व वाटतो. स्वतःच्या चांगुलपणाच्या जोरावर कुणी तसं म्हणेल तर तो गर्वच आहे. देणाऱ्याच्या शब्दाच्या जोरावर म्हणेल तर गोष्ट वेगळी.

शत्रूचाही श्वार्ट्झ यांच्यावर भरवसा होता. १७७९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर रम्बोल्ड यांनी त्यांना गुप्तपणे हैदरकडे श्रीरंगपट्टणला पाठवलं. कंपनीचे इतर वकील हैदरला नको होते, हा पाद्री चालत होता. निघताना हैदरने वाटखर्च म्हणून तीनशे रुपये दिले. श्वार्ट्झ यांनी ते स्वतःकडे ठेवले नाहीत. अखेर ते तंजावरच्या गरीब मुलांच्या शाळेच्या कामी आले. मात्र हेही नोंदवायला हवं की ती शिष्टाई फसली. कंपनीच्या मनात तहाची निष्ठा नव्हती, आणि वर्षभरात लढाई पेटली. सज्जन माणसाच्या शब्दाचा वापर सरकारं कशी करतात, त्याचं हे उदाहरण आहे.

आता सरफोजींकडे येऊ. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी स्थापलेल्या तंजावरच्या गादीवर तुळजाजी राजे होते. त्यांना वारस नव्हता. १७८७ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, त्यांनी भोसले कुळातला दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तोच हा सरफोजी. त्याचा आणि राज्याचा सांभाळ श्वार्ट्झ यांनी करावा अशी त्यांची इच्छा होती. श्वार्ट्झ यांनी राज्य चालवायला नकार दिला. राजाचे सावत्र भाऊ अमरसिंह कारभारी झाले आणि लवकरच स्वतः गादीवर बसले. मुलाची आबाळ सुरू झाली, शिक्षण थांबलं. श्वार्ट्झ यांनी कंपनीकडे तक्रारी केल्या. अखेर १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या राण्या यांना सुरक्षिततेसाठी मद्रासला हलवलं. इथे त्यांच्या शिक्षणाकडे पाहिलं ते वेपेरीच्या मिशनमधले पाद्री गेरिके यांनी. वेपेरी म्हणजे आज एग्मोर स्टेशनजवळचा गजबजलेला भाग. कोवळ्या वयाचा मराठा राजपुत्र तिथल्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीत शिकत होता.

विचार करा. मुलगा पोरका, जिवाची भीती, आश्रय पाद्र्यांचा, गादी मिळणार तीही कंपनीच्या मर्जीने. त्याला बाप्तिस्मा द्यायला यापेक्षा सोपी वेळ कोणती? तरी तो दिला गेला नाही. श्वार्ट्झ यांना तो ख्रिस्ती व्हावा असं वाटत नव्हतं असं मुळीच नाही. १७९७ च्या अखेरीस, आजारी असताना, त्यांनी सरफोजींना जवळ बोलावून शेवटचा उपदेश केला. डामडौलात पडू नकोस, प्रजेला न्याय दे, ख्रिस्ती प्रजेचा छळ होऊ देऊ नकोस, पण त्यांनी गुन्हा केला तर त्यांनाही शिक्षा कर, असा त्याचा आशय. शेवटी मूर्तिपूजा सोडून खऱ्या देवाला भज, असंही सांगितलं, आणि देवच तुला त्यासाठी बळ देवो, अशी प्रार्थना केली. ते बळ देवाकडूनच यायचं, ही त्यांची धारणा त्या प्रार्थनेत दिसते. विश्वास हे देवाचं दान आहे असं जो खरोखर मानतो, त्याला तो दुसऱ्याच्या गळी उतरवता येत नाही. सांगता येतं, विनवता येतं, वाट पाहता येते.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारले. त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला आणि नेमणूक उरली. श्वार्ट्झ यांनी मुलासाठी मागितलेल्या न्यायाची अशी किंमत कंपनीने वसूल केली. कंपनीच्या व्यवहारात फुकट काहीच नव्हतं.

सरफोजींनी गुरूच्या थडग्यासाठी स्वतः इंग्रजीत पद्यरचना केली, ती तंजावरला आजही आहे. त्याच राजाने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरवून घेतला. श्वार्ट्झ यांचेच दुसरे शिष्य, तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री, यांना त्यांच्या दरबारात आश्रय होता. एका गुरूचे दोन शिष्य : एकाने दान घेतलं आणि आयुष्यभर त्याची गाणी रचली; दुसऱ्याने दान घेतलं नाही, पण देणाऱ्याच्या माणसावरचं प्रेम लपवलं नाही.

मराठीत या विषयावर स्वतःच्या अनुभवाने लिहिलं ते पंडिता रमाबाईंनी. त्यांच्या आईवडिलांनी तीर्थयात्रा, व्रतं, दानं यांत आयुष्य आणि पैसा वेचला. मद्रास इलाख्यातल्या १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांना उमगलं की आपण अजूनही कमावण्याच्याच मागे आहोत, आणि मिळायचं ते तर दान आहे. त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायका वाचवल्या आणि केडगावला त्यांना घर दिलं. त्या घराचं नाव ‘मुक्ती’.

खाटल्यावरच्या हरीच्या शंकेला माझं उत्तर या दोन आयुष्यांतून येतं. हिशेब चुकता करायचा आहे या धास्तीत जगणारा माणूस प्रत्येक सत्कृत्य आपल्या खात्यावर जमा करत राहतो. ज्याला वाटतं की हिशेब दुसऱ्याने फेडला, त्याचे हात शेजाऱ्यासाठी मोकळे होतात. प्रत्येक ख्रिस्ती माणूस असा जगतो असं नाही. कृपेचं नाव घेऊन आळशी आणि उर्मट झालेले लोक त्याही धर्मात भरपूर सापडतील. पण श्वार्ट्झ आणि रमाबाई यांच्या बाबतीत खात्री आणि कष्ट एकत्र नांदले, हा इतिहास आहे.

तुम्ही यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, तो तुमचा आणि देवाचा प्रश्न. चेन्नईला आलात तर ओळखपत्र घेऊन सेंट मेरीजला जा आणि तंजावरला गेलात तर मोठ्या मंदिराइतकाच थोडा वेळ शिवगंगा किल्ल्यातल्या त्या चर्चलाही द्या. पुढच्या भागात सरफोजी राजांचा छापखाना आणि तिथे देवनागरीत छापलेली मराठी पुस्तकं यांविषयी बोलू. तोवर नमस्कार. जय हिंद.